साप रानात शोभतो, पाळण्याजवळ नव्हे

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते आणि साप कोरड्या जागेच्या शोधात माणसांच्या वस्तीकडे सरकतात. त्यामुळे दरवर्षी या दिवसांत सर्पदंशाविषयी लिहिणे या सदराच्या वाचकांना नवे नाही. या वेळी मात्र विषय थोडा वेगळा आहे. आपण होऊन घरात आलेल्या सापाविषयी नव्हे, तर माणसाने आपल्या हाताने घरात आणून ठेवलेल्या सापाविषयी लिहायचे आहे.

निमित्त झाले एका वाचकाच्या पत्राचे. हे गृहस्थ तालुक्याच्या गावी शिक्षक आहेत. शहरात शिकणारा त्यांचा धाकटा भाऊ ‘बॉल पायथन’ जातीचा परदेशी अजगर पाळतो आणि सुट्टीत तो घरी आणून ठेवणार आहे. घरात चार वर्षांचा मुलगा व सात महिन्यांची मुलगी आहे. ‘साप बिनविषारी आहे, काचेच्या पेटीत असतो. तरी मुलांच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी?’ असे त्यांनी विचारले आहे. साप घरात येण्यापूर्वी हा प्रश्न त्यांना पडला, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे.

माझे उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून देतो. घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर साप घरात ठेवू नये. विषारी नको, बिनविषारीही नको आणि ‘एका रात्रीचाच तर प्रश्न आहे’ म्हणूनही नको. मूल त्याहून मोठे असेल तरी आपल्याकडचा कोणताही देशी साप घरात असता कामा नये.

बरणीतला पाहुणा

परदेशी अजगर पाळणारे आपल्याकडे मोजकेच असतील. देशी साप बरणीत घालून घरी ठेवणारे मात्र गावोगावी आढळतात. त्यांत आपले सर्पमित्र आले. सर्पमित्रांविषयी मला आदर आहे. रात्री-अपरात्री फोन आला की स्वतःचे पेट्रोल जाळून ही मुले धावतात. त्यांच्यामुळे दरवर्षी कितीतरी साप काठीच्या घावातून वाचतात आणि माणसेही वाचतात. परंतु संध्याकाळी पकडलेला साप ‘सकाळी सोडू’ म्हणून घरी येतो. प्लास्टिकच्या बरणीच्या झाकणाला चार भोके पाडून तो कॉटखाली किंवा माळ्यावर ठेवला जातो. सकाळी दुसरा फोन येतो. मग शाळेत माहिती द्यायला, गणपतीत देखाव्याला किंवा पाहुण्यांना दाखवायला म्हणून तो साप आठवडाभर तिथेच राहतो. एकाच्या तीन बरण्या होतात. त्याच खोलीत मुले गृहपाठ करतात आणि तिथेच झोपतात.

कायद्याने याला परवानगी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. रानातला साप पकडून स्वतःजवळ बाळगणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. पकडलेल्या सापाची माहिती वन विभागाला देऊन तो शक्य तितक्या लवकर योग्य अधिवासात सोडणे, एवढेच सर्पमित्राचे काम आहे. पण मी वकील नाही, डॉक्टर आहे. कायद्यापेक्षा मला काळजी वाटते ती त्या कॉटवर झोपणाऱ्या मुलाची.

आपल्याकडे माणसाचा जीव घेणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सापाचे पिल्लू लहान म्हणून त्याचे विषही कच्चे, असा एक समज आहे. तो खोटा आहे. नागाचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच फणा काढू शकते आणि दंशही करू शकते. घोणस अंडी घालत नाही. ती एकाच वेळी वीस-तीस जिवंत पिल्ले देऊ शकते. बरणीत ठेवलेली घोणस गाभण असली तर सकाळी बरणीत एकच साप असेल असे नाही. झाकणाच्या ज्या भोकातून किंवा फटीतून मोठा साप जाणार नाही, तिथून पिल्लू सहज निघून जाते. फुरसे तर पूर्ण वाढ झाले तरी फूट-सव्वा फुटाचे. ते चपलेत किंवा दप्तराखाली बसले तर कोणाच्या लक्षात येणार?

‘विषाचे दात काढले आहेत’ असेही काही जण सांगतात. सापाचा विषदंत पडला किंवा काढला तर त्याच्यामागे दुसरा तयार असतो आणि काही आठवड्यांत तो जागेवर येतो. शिवाय दात उपटल्याने त्या मुक्या जिवाच्या तोंडात जखम होऊन ती सडते, साप खाणे सोडतो आणि मरतो.

मुलाचे शरीर आणि सापाचे विष

मोठ्या माणसाला चावताना साप जितके विष सोडतो, तितकेच तो मुलाला चावतानाही सोडतो. पण तेच विष साठ किलोच्या शरीरात पसरणे आणि बारा किलोच्या शरीरात पसरणे यांत फार अंतर आहे. म्हणून मुलाची प्रकृती लवकर आणि अधिक बिघडते. याच कारणासाठी सर्पविषावरील प्रतिविष, म्हणजे ज्याला आपण ‘सापाचे इंजेक्शन’ म्हणतो, ते मुलाला मोठ्या माणसाइतकेच द्यावे लागते. इतर औषधांप्रमाणे वजनावर त्याचा डोस कमी करून चालत नाही. पालकांना हे ऐकून आश्चर्य वाटते, पण औषध विषासाठी असते, वजनासाठी नव्हे.

मण्यारीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजतही नाही. दंशाची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते, उलटी करते. आई ओवा देते. मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, आवाज बदलतो, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वास मंदावतो. ज्या घरात रात्री बरणीत मण्यार होती आणि सकाळी मुलाचे पोट दुखते आहे, त्या घराने बरणीकडे पाहण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. त्यांत पाव हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला आहे. शेतात, अंधारात, नकळत होणारे दंश कमी करण्यासाठी एवढी धडपड चालली असताना आपण होऊन साप उशापाशी आणून ठेवणे हे कोणत्या शहाणपणात बसते?

सवय हाच धोका

बरणीचे झाकण घट्ट बसवले, खोलीला कुलूप लावले, म्हणजे प्रश्न मिटला असे कोणी म्हणेल. माझ्या मते खरा धोका झाकणाचा नाहीच. तो सवयीचा आहे.

काही वर्षांपूर्वी एका सर्पमित्राने आपल्या पाच वर्षांच्या मुलीला माझ्या दवाखान्यात आणले. त्याच्या घरी विषारी साप नव्हता, तो तसे ठेवतही नसे. कवड्या, तस्कर, दिवड असे बिनविषारी साप असत आणि मुलगी ते कौतुकाने हातात घेई. गल्लीत तिचे नाव झाले होते. त्या दिवशी तिन्हीसांजेला अंगणातल्या विटांपाशी तिला एक काळसर, पांढऱ्या पट्ट्यांचा लहान साप दिसला. कवड्या समजून तिने तो उचलला. तो मण्यारीचा होता. वडिलांनी साप ओळखला आणि अंगारे-धुपाऱ्यात एक मिनिटही न दवडता ते तिला घेऊन आले. मी तिला प्रतिविष सुरू करून जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. तिथे तिला काही दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. मुलगी वाचली. त्या गृहस्थांनी नंतर घरात एकही बरणी ठेवली नाही. साप पकडून सोडण्याचे काम मात्र ते आजही करतात.

कवड्या आणि मण्यार यांतला फरक पुस्तकात सोपा वाटतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे मानेजवळ पुसट किंवा नाहीसेच असून शेपटीकडे ठळक होतात. पण पिल्लांत हा फरकही नीट दिसत नाही, आणि संधिप्रकाशात, हलणाऱ्या सापावर तो पाच वर्षांच्या मुलाने ओळखावा ही अपेक्षाच चूक आहे. डुरक्या घोणस हा निरुपद्रवी साप आणि खरी घोणस, किंवा अजगराचे पिल्लू आणि घोणस, यांत मोठी माणसेही फसतात. घोणशीला अजगर समजून हात घालणारे रुग्ण डॉक्टरांना नवीन नाहीत.

लहान मूल डोळ्यांनी कमी आणि हातांनी जास्त शिकते. घरात जे हाताळायला मिळते ते बाहेरही हाताळायचे असते, असा त्याचा साधा हिशोब असतो. ‘हा चालेल, तो चालणार नाही’ हा बारीक भेद त्याच्या वयाला झेपत नाही. म्हणून घरातला बिनविषारी साप स्वतः चावून अपाय करणार नाही, पण विषारी सापासमोर हात पुढे करायला तोच शिकवून ठेवतो.

परदेशी अजगर आणि न दिसणारा जंतू

आता पत्रातल्या बॉल पायथनकडे वळू. हा मूळचा आफ्रिकेतला, तीन ते पाच फूट वाढणारा, बिनविषारी आणि स्वभावाने मंद साप आहे. त्याच्या चाव्याने जीव जात नाही. तरीही तान्ह्या मुलाच्या घरात तो नको, याचे कारण साल्मोनेला नावाचा जंतू. विषमज्वराचा जंतू याच कुळातला. साप, कासव, पाली, सरडे यांच्या आतड्यात साल्मोनेलाचे अनेक प्रकार सुखाने राहतात. त्या प्राण्याला काही होत नाही, तो धष्टपुष्ट दिसतो. पण त्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडतात, आणि तेही रोज नव्हे, अधूनमधून. त्यामुळे एकदा तपासणी करून ‘जंतू नाहीत’ असा कागद आणला तरी त्याला अर्थ नाही.

हे जंतू सापाच्या अंगावर, पेटीतल्या पाण्यात, भुश्यात आणि तिथून माणसाच्या हातांवर व कपड्यांवर येतात. काकाने साप हाताळला, हात शर्टाला पुसले आणि पुतणीला कडेवर घेतले, एवढे पुरते. बाळाने सापाला शिवण्याची गरजच नाही. मोठ्या माणसाला यातून चार दिवस जुलाब व ताप येऊन बरे वाटेल. तान्ह्या बाळात मात्र जंतू रक्तात शिरून मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतात. अमेरिकेत लहान पाळीव कासवांमुळे मुलांना हा आजार एवढा होऊ लागला, की १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर तिथे बंदी आली. पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरात साप, कासवासारखे सरपटणारे प्राणी पाळू नयेत, असा तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेचा आजही सल्ला आहे. जिथे असे प्राणी पाळणे सर्रास चालते त्या देशाचा हा सल्ला आहे, हे ध्यानात घ्यावे.

मोठ्या जातींच्या अजगरांविषयी तर बोलायलाच नको. २००९ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात घरच्या पाळीव अजगराने रात्री पेटीतून निसटून दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. २०१३ मध्ये कॅनडात चार व सहा वर्षांचे दोन भाऊ झोपेत असताना, त्याच घरातल्या पिंजऱ्यातून सुटलेल्या आफ्रिकन अजगराने दोघांनाही मारले. त्या अजगरांना कोणी विषारी म्हटले नव्हते.

परदेशी प्राण्यांच्या बाबतीत कायदाही बदलला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची नोंदणी वन्यजीव खात्याकडे करावी लागते. बॉल पायथन त्यांत मोडतो. बिनकागदाचा साप ‘ओळखीतून’ घेऊ नये. काही शौकीन तर परदेशी विषारी सापही चोरून आणतात. जून २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात असे साप सापडले होते. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष वर सांगितलेल्या चार देशी सापांच्या विषावर तयार होते. परदेशी साप चावला तर त्याच्यावर अवलंबून राहता येत नाही.

तरीही ठेवायचाच असेल तर

मुले पाच वर्षांवरची आहेत, साप बिनविषारी परदेशी आहे, नोंदणी झालेली आहे आणि घरच्यांचा आग्रह कायम आहे, अशा घरांसाठी काही गोष्टी सांगतो. पेटीला नुसते झाकण नको, कुलूप हवे, आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ हवी. पेटी मुलांच्या झोपण्याच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात ठेवू नये. मोठे माणूस शेजारी नसताना मुलाने पेटी उघडू नये. साप हाताळल्यावर किंवा पेटीला हात लावल्यावर लगेच साबणाने हात धुवावेत. तोंडाजवळ साप नेणे, त्याचा मुका घेणे, गळ्यात घालून फोटो काढणे हे प्रकार बंद ठेवावेत. पेटी व पाण्याचे भांडे घरची भांडी घासतो त्या मोरीत किंवा सिंकमध्ये धुऊ नये. सापासाठी आणलेले गोठवलेले उंदीर दूध-भाजीच्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण बर्फात साल्मोनेला मरत नाही. घरात गरोदर स्त्री, वृद्ध, कर्करोगावर उपचार घेणारा किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल तर हा नाद सोडून द्यावा.

आणि घरात कोणालाही साप चावला, मग तो पाळलेला असो वा रानातला, तर पुढील गोष्टी पाठ करून ठेवा. मुलाला धीर द्या, चालू किंवा पळू देऊ नका. हातापायातील वाळे, बांगडी, अंगठी, दोरा काढून टाका, कारण सूज आल्यावर ते रुततात. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी फळी लावून तो हात किंवा पाय स्थिर ठेवा. घट्ट आवळून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने रक्त ओढू नका, बर्फ लावू नका. साप पकडत बसू नका. दुरून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर नाही. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या अशा रुग्णालयात जा जिथे प्रतिविष आहे. ते सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. घरी कोणीही ते टोचू नये. त्याची जोरदार रिॲक्शन येऊ शकते आणि ती सांभाळण्याची सोय रुग्णालयातच असते. ‘बिनविषारीच होता’ असा घरच्यांचा निर्वाळा असला तरी मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवा.

मुलांच्या मनातली सापाची भीती जावी म्हणून आम्ही साप घरी ठेवतो, असे सांगणारे पालकही भेटतात. हेतू चांगला आहे. आंधळ्या भीतीपोटी दिसेल तो साप ठेचण्याची आपली रीत गेलीच पाहिजे. धामण, तस्कर यांसारखे साप शेतातल्या उंदरांचा फडशा पाडतात आणि शेतकऱ्याचे धान्य वाचवतात, हे मुलांना कळलेच पाहिजे. पण त्यासाठी साप हातात द्यावा लागत नाही. घरात चित्रांचा तक्ता लावा. सुट्टीत पुण्याला गेलात तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातील सर्पोद्यान दाखवा. बांधावरून सरपटत जाणारी धामण दिसली तर मुलाचा हात धरून दहा पावलांवर उभे राहा आणि ती जाईपर्यंत दोघांनी पाहा. घरात साप निघाला तर मारू नका. मुलांना बाहेर काढा, सापावर दुरून नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. साप न मारताही त्याच्यापासून अंतर ठेवता येते, हे मुलाला यातून शिकवता येईल. भीती जावी, पण धाक राहावा.

सर्पमित्रांना माझी एवढीच विनंती आहे. जो जीव तुम्ही दुसऱ्याच्या घरातून मोठ्या हिमतीने बाहेर काढता, तो स्वतःच्या घरात आणू नका. साप पकडल्याचा फोन वन विभागाला जागेवरूनच करा आणि घरी जाण्याआधी बरणी रिकामी करा. तुम्ही घरी पोहोचता तेव्हा तुमची मुले धावत तुमच्याकडे येतात, बरणीकडे नव्हे. तेव्हा तुमचे हात रिकामे आणि साबणाने धुतलेले असावेत.